मक्याचा मीटर

९ एप्रिल
आज मक्याची पेरणी झाली. माझ्या देखरेखीखाली. इतकी वर्षं हे शेत मेहुणा पेरायचा आणि हिच्या गोठ्यातल्या गायी वर्षभर त्याच्या मेहेरबानीवर जगायच्या. यंदा मी रिटायर झालो. सरळ सांगून टाकलं, शेत माझ्याकडे द्या. ही म्हणाली की गायींचं वर्षभराचं पोट या एका पिकावर आहे, हा खेळ नाही. मी म्हटलं, मी आयुष्यभर विजेचे मीटर तपासले, मला खेळ येतच नाही. यावर ही उठून गोठ्यात निघून गेली. याला मी होकार समजतो.

मेहुणा बांधावर उभा होता. बी किती खोल पडतंय ते बोटाने उकरून बघत होता. मग त्याच बोटाने दात कोरले. शी!

१४ एप्रिल
मॉइश्चर मीटर आला. काय सुंदर वस्तू! दांडा जमिनीत रोवायचा, वर तबकडी. सुई डावीकडे म्हणजे कोरडं, उजवीकडे म्हणजे ओलं, मधे म्हणजे मक्याला हवं तेवढं. इतकं सोपं आहे. तरी लोक माती मुठीत दाबून बघतात. मेहुण्याने आज माझ्यासमोर तेच केलं. गोळा वळला, अंगठ्याने फोडला, नाकाशी नेला आणि म्हणाला, ओल आहे दाजी, एवढ्यात पाणी नको. मातीचा वास घेतो माणूस! त्या मातीत काय काय मरून पडलेलं असतं. मी त्याला हात धुवायला सांगितलं. त्याने पँटला पुसले.

मीटर शेताच्या कोपऱ्यात मोठ्या झाडाखाली रोवला आहे. कारण शास्त्रीय आहे. डोक्यावर ऊन असलं की रीडिंग घेणाऱ्याची नजर चुकते. खुर्चीही तिथेच ठेवली. बसल्या जागेवरून सुई दिसते.

संकल्प: रोज पहाटे शेतात जायचं. रोज रीडिंग घ्यायचं. 'अंदाज' या शब्दाला शेतात बंदी.

१५ एप्रिल
पहाटे जाग आली नाही. तसंही पहाटेची ओल फसवी असते. दुपारचं रीडिंगच खरं.

२७ एप्रिल
मका उगवला. सगळा सारखा नाही, पण उगवला. सुई मात्र डावीकडे. कोरडं! मेहुण्याच्या भरवशावर राहिलो असतो तर कोंब जळून गेले असते. पंप चालू केला. ही गोठ्यातून ओरडली की मातीवर पाय ठेवला तर बूट रुततोय, पाणी कशाला. मी म्हटलं, बुटाला काय कळतं? बुटाला तबकडी आहे का?

२८ एप्रिल
पाणी देऊनही सुई डावीकडेच. जमीन फार तहानलेली दिसते. मेहुण्याने वर्षानुवर्षं उपाशी ठेवलेली. पुन्हा पंप.

९ मे
पुन्हा पंप. एक गमबूट शेतात राहिला. ओढला तर पाय आला, बूट नाही. चिखलात मोज्यावर उभा. मोज्यात गांडूळ. अंघोळ करूनही पायाची बोटं ओळखीची वाटत नाहीत. शेताच्या खालच्या भागात हिरवट पाणी साचलंय, त्यावर डास, आणि संध्याकाळी बेडकांचा असा काही गोंगाट की शेजारची बाई विचारून गेली, तुम्ही तळं केलंत का म्हणून. अडाणीपणाची हद्द झाली.

सुई डावीकडे.

१७ मे
मका गुडघ्याएवढा व्हायला हवा होता. माझ्या पोटरीएवढा आहे. अर्थात माझी पोटरी उंच आहे.

खालची पानं पिवळी पडतायत. टोकापासून सुरू होऊन मधल्या शिरेवरून आत उतरत जाणारा पिवळा रंग. दिसायलाच रोगट. हात लावला तर पान गळून हातात आलं, ओलं, गिळगिळीत. फेकून दिलं आणि हात बांधावरच्या गवताला पुसला. (मेहुणा पँटला पुसतो. गवत वेगळं.)

बियाणं भिकार आहे. दुकानदाराला जाऊन सुनावलं. त्याने पानाचा फोटो बघितला आणि म्हणाला की याला नत्र कमी पडलंय, पाणी जास्त होत असेल, पाण्याबरोबर खत खाली वाहून जातं आणि मुळाला मिळत नाही. मी विचारलं, तुम्ही मीटर लावलाय का? म्हणाला, नाही. मग विषयच संपला. फक्त नत्राचं मी मान्य केलं. युरियाची पोती घेऊन आलो.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, गोठ्यामागे कुजलेल्या शेणखताचा ढीग पडलाय, पेरणीआधीच घाला म्हणत होते. जेवताना म्हणाली! मी ताट बाजूला सारलं. शेण घालून वाढवलेलं काही माझ्या शेतात उगवणार नाही. युरिया पांढरा असतो, कोरडा असतो, पोत्यावर टक्के छापलेले असतात. सभ्य माणसाचं खत.

१८ मे, दुपार
युरिया टाकला. स्वतः. ऐन उन्हात. मेहुणा बांधावरून म्हणाला की मातीआड करा दाजी, नाहीतर उडून जाईल. उडून जाईल! पक्षी आहे का?

संध्याकाळी शेतातून असा वास येत होता की सार्वजनिक मुतारीत उभं राहिल्यासारखं वाटलं. नाकाला रुमाल बांधून खुर्चीत बसलो. युरिया काम करायला लागल्याचं हे लक्षण असावं.

२४ मे
पिवळेपणा वाढला. युरियात भेसळ. या जगात काही शुद्ध राहिलेलं नाही. सुई डावीकडे. पंप.

३० मे
मुलगी आली. जनावरांची डॉक्टर आहे, म्हणजे माझ्याच पैशाने शिकलेली. आल्या आल्या आईच्या गायी तपासल्या, मग म्हणाली, बाबा, चला, तुमचं शेत दाखवा. अभिमानाने नेलं. ती शेताच्या मध्यापर्यंत गेली, पायाखाली पचक पचक आवाज. मग झाडाखाली आली. मीटर बघितला. वर झाडाकडे बघितलं. खाली जमिनीतून वर आलेल्या मुळांकडे बघितलं. मग मीटर उपटला आणि तसाच शेताच्या मध्यावर नेऊन खुपसला. सुई सर्रकन उजवीकडे, अगदी टोकाला जाऊन आपटली.

ती हसली नाही. हसली असती तर परवडलं असतं. म्हणाली, "बाबा, एवढ्या मोठ्या झाडाची मुळं आहेत इथे. ते झाड पाणी पितंय. तुम्ही इतके दिवस झाडाला पाणी दिलंत आणि मक्याला बुडवलंत."

मी म्हटलं, म्हणजे मीटर बरोबर होता. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, मला एवढंच जाणून घ्यायचं होतं. झाड चुकलं. झाडांचा मला आता वीट आला आहे.

खुर्ची मात्र सध्या तिथेच आहे. मध्यावर ऊन लागतं.

३१ मे
विचार केला. लाडाने पीक बिघडतं. आपल्या घरातही हेच झालंय. आता कडक शिस्त. पंप बंद. मुळांना खाली जाऊन पाणी शोधू दे. मेहुण्याला सांगितलं. तो चक्क म्हणाला, आता थोडे दिवस माती सुकून वाफसा येऊ द्या, बरोबर आहे. त्याने होकार दिल्यामुळे जरा शंका आली, पण निर्णय माझाच आहे.

६ जून
वाफसा आला. डास गेले. गमबूट सापडला, त्यात बेडूक होता. बूट फेकून दिला.

१३ जून
मेहुणा म्हणतो, झाला वाफसा, आता पाणी द्या, तुरे निघायला लागलेत, या दिवसांत मक्याला ताण बसला की कणसात दाणाच भरत नाही. म्हणजे याच्या मनाप्रमाणे पंप चालू करायचा, याच्या मनाप्रमाणे बंद करायचा! मागच्या वर्षी याने भरलेल्या मुरघासाला वरून बुरशी आली होती, आंबूस घाण वास, मी स्वतः नाक दाबून बाहेर टाकला होता. (मुरघास म्हणजे मका कापून, दाबून, हवा लागू न देता मुरवून ठेवायचा. गायींचं लोणचं म्हणा.) तो मला शिकवणार?

पंप चालू केला नाही.

१७ जून
दुपारी पानं सुरळीसारखी गुंडाळलेली असतात. मुलगी फोनवर म्हणाली की हे पाण्यावाचून होतं. मला तरी ही शिस्त वाटते. पानं आटोपशीर दिसतात. मध्यावरचा मीटर आता डावीकडे दाखवतोय. पण एकदा ज्याने फसवलं त्याच्यावर मी पुन्हा विश्वास ठेवत नाही. माणूस असो वा मीटर.

पिवळेपणावर मात्र शेवटचा घाव घालायचं ठरवलं. उरलेला सगळा युरिया आज टाकला. या वेळी मातीआडही केला. मेहुणा गावाला गेलाय, त्यामुळे कुणी टोकलं नाही. शांत काम झालं. युरियाने हाताची साल निघाली. संध्याकाळी हिने मलम लावलं आणि विचारलं, एवढा कशाला टाकला? म्हटलं, तुझ्या गायींसाठी. तिने मलमाचं झाकण लावलं. तिचे डोळे जरा वेगळे वाटले. मलमाचा वास भयंकर.

२१ जून
काल पाऊस झाला. पंपाला न विचारता. आज शेत बघून मी बांधावर उभाच राहिलो. हिरवंगार! नुसतं हिरवं नाही, काळपट हिरवं. पानं रुंद, उघडी, चमकदार. मेहुण्याच्या शेतापेक्षा गडद. सिद्ध झालं. सगळ्यांनी मला नावं ठेवली. आता कुणी बोलेल का?

ही सकाळीच बहिणीकडे गेली आहे, दुपारपर्यंत येईल. म्हणून गेली की गायींना कालचाच सुका चारा घाला, शेतातलं काही तोडू नका, अजून वेळ आहे.

मला राहवेना. भुरी ही हिची सगळ्यात लाडकी गाय. दुधाला सगळ्यांत पुढे. विळ्याने मका कापला, बुडख्यापासून, भारा उचलून भुरीपुढे टाकला. कशी मचमच करून खाल्ला! तोंडातून हिरवी लाळ गळत होती, किळस आली, पण समाधानही वाटलं. अजून एक भारा टाकला. ही आली की दूध दाखवणार. बोलायचं काही नाही. फक्त दूध दाखवायचं.

२१ जून, दुपार
भुरी धापा टाकतेय. ऊन असेल.

उभी राहिली की मागचे पाय लटपटतात. तोंडाला फेस. मी तिच्या हिरड्या बघितल्या. गुलाबी असायला हव्यात. मळकट तपकिरी आहेत.

पडली.

मुलीला फोन केला. भुरीने काय खाल्लं ते तिने विचारलं. मी म्हटलं, नेहमीचंच. ती म्हणाली, निघते.

२२ जून
लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

मुलगी गाडीतून उतरली ती धावतच. मागोमाग ही पण आली. भुरी आडवी, जीभ बाहेर. मुलीने मानेतून रक्त काढलं. लाल नव्हतं. चहासारखं तपकिरी. आयुष्यात इतकी शिसारी मला कशाची आली नव्हती.

मुलगी म्हणाली, "बाबा, हिने काय खाल्लंय ते आत्ता सांगा."

मी म्हटलं, दावं सुटलं असेल, शेतात शिरली असेल.

मुलीने गव्हाणीतून मक्याची उरलेली बुडखी उचलली आणि माझ्यासमोर धरली. सगळी एका रेषेत, तिरकी, स्वच्छ कापलेली. म्हणाली, "गाय विळा वापरते का?"

ही माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, मी घातला. तुला दाखवायचं होतं.

मुलीने शिरेतून निळं औषध दिलं. गडद निळं, शाईसारखं. भुरीने मान झटकली, माझ्या शर्टावर निळे शिंतोडे उडाले. मुलगी काम करता करता सांगत होती, मला नव्हे, आईला: पाण्यावाचून मका अडखळला होता, त्यात एवढा युरिया, मग एकदम पाऊस. मक्याने सगळं नत्र भसाभस ओढून घेतलं आणि ताटात, म्हणजे खोडात, साठवलं. बुडाजवळ सगळ्यात जास्त. ते पोटात गेलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. गाय आतल्या आत गुदमरते.

म्हणजे ज्या काळपट हिरव्या रंगावर मी खूश होतो ते हे.

ही भुरीचं डोकं मांडीवर घेऊन शेणात बसली होती. तिची बाहेर जायची साडी. मी म्हटलं, अगं, उठ, खाली घाण आहे. ती म्हणाली, "तुम्ही जरा बाजूला व्हा. वारा येऊ द्या तिला."

बाजूला झालो. नंतर कळेना कुठे जाऊ, म्हणून पाणी आणलं. कुणी मागितलं नव्हतं.

संध्याकाळी भुरीने मान उचलली. मग पुढचे पाय ओढले. मग उभी राहिली, डुलत डुलत, आणि मुताची निळीहिरवी धार सोडली. ही हसली आणि रडली. मुलगी म्हणाली, वाचली, पण बरेच दिवस हिचं दूध कुणी घ्यायचं नाही. मलाही वाटलं हसावं. हसू आलं नाही.

शर्ट धुवायला टाकला नाही. डाग जाणारच नाहीत.

२५ जून
मुलीने शेतातल्या मक्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. उत्तर आलं: असा हिरवा खायला घालणं धोक्याचं. सगळं शेत म्हणजे उभं विष, असं म्हणाली नाही, पण मला तसं ऐकू आलं. मी सुचवलं की सगळा नांगरून टाकू. ही म्हणाली, मग गायी काय खातील? तुमची तबकडी?

त्या संध्याकाळनंतर ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. बरं वाटलं. गप्प राहते तेव्हा जास्त त्रास होतो.

मुलीचा उपाय: थांबायचं. बेताने पाणी द्यायचं, कणसं भरू द्यायची, तेवढ्यात ताटातलं नत्र थोडं उतरेल. मग बुडखं उंच सोडून वरचाच भाग कापायचा आणि मुरघास करायचा. मुरताना बरंचसं नत्र मरतं. नंतर पुन्हा तपासायचं, आणि मगच घालायचं, तेही दुसऱ्या चाऱ्यात मिसळून.

संकल्प: पंपाला हात लावणार नाही.

२९ जून
मेहुणा आला. मला वाटलं टोमणे मारणार, उत्तरं तयार ठेवली होती. त्याने शेताला चक्कर मारली, माती मुठीत दाबली, पंप चालू केला, आणि थोड्या वेळाने बंद केला. मला म्हणाला, दाजी, चहा सांगा. एवढंच. उत्तरं वाया गेली. चहा मीच केला. त्याला साखर लागते का विचारायचं राहिलं, एवढ्या वर्षांत माहीत नाही.

१८ जुलै
मका कापला. बुडखं उंच सोडून. कणसं अर्धीमुर्धी, काहींत दाण्यांची रांग आहे, काही नुसती दात पडलेल्या तोंडासारखी. खड्ड्यात भरून मेहुण्याने ट्रॅक्टर फिरवून दाबला. मी वरून प्लास्टिकचा कागद अंथरायला गेलो तर माझ्याकडचं टोक सुटलं आणि वाऱ्याने कागद माझ्याच अंगावर गुंडाळला. आत काळोख, उष्ण, आंबट. कुणी हसलं नाही. सगळे माझ्याशी इतके चांगले का वागतायत? सहन होत नाही.

मागच्या वर्षीपेक्षा निम्मा खड्डा भरला. उरलेला चारा मेहुणा देणार आहे. ही म्हणाली, तो आधीच बोललाय तसं. म्हणजे हे सगळं माझ्यामागे ठरलं होतं, आणि कधीपासून ते मी विचारलं नाही.

२ ऑगस्ट
जेवताना हिला म्हटलं, पुढच्या पेरणीचा माझा प्लॅन तयार आहे. या वेळी नत्र तीन हप्त्यांत, मीटर शेताच्या मध्यावर, आणि वाटल्यास थोडं शेणखतही चालेल. हिने भात वाढला आणि म्हणाली की शेत तिने भावाला दिलंय, पुढच्या आठवड्यात तो नांगरणार आहे. मी म्हटलं, मला विचारायचं तरी. ती म्हणाली, "तुम्ही नाही म्हणाला असता. मग मला तुमचं ऐकावं लागलं असतं. पुन्हा."

रागाने बोलली नाही. मी भात संपवला.

मग गोठ्यात गेलो. कारण काही नव्हतं. भुरीपुढे पेंढी धरली. मेहुण्याच्या शेतातला चारा, निर्धोक. तिने मान पुढे केली, माझ्या हाताचा वास घेतला आणि दावं ताणेपर्यंत मागे सरकली. मी ये ये म्हटलं. ती भिंतीला टेकली.

ही मागून आली. म्हणाली, खाली ठेवा आणि लांब उभे राहा, म्हणजे खाईल. ठेवली. दारापाशी जाऊन उभा राहिलो. भुरी हलेना. ही म्हणाली, अजून जरा लांब.

अंगणात गेलो. मग खाल्ली.